पुरात उभी राहिलेली गाडी, आता दरवाज्याच्या आतलं कापड सुटतंय

अकोट्याची_सून
नमस्कार मंडळी, सासऱ्यांची २०११ ची हॅचबॅक आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती, विश्वामित्री नदी तेव्हा ३७ फुटांवर गेलेली आणि धोक्याची पातळी २५ ची, म्हणजे काय झालं असेल ते बडोदेकरांना सांगायला नको. पाणी सीटपर्यंत आलं होतं. नंतर कार्पेट बदललं, सीटा उन्हात वाळवल्या, पण दरवाज्यांकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. आता ड्रायव्हर साइडच्या दोन्ही दरवाज्यांचं कापड खालून सुटलंय, फुगा आल्यासारखं दिसतं आणि दाबलं की आत बारीक वाळू असल्यासारखं करकरतं. मी फेविक्विक लावून बघितलं तर कापडावर पांढरे कडक डाग पडले आणि दोन दिवसांत परत सुटलं. सीटकव्हरवाला म्हणतो चारही पॅड, म्हणजे ज्यावर हे कापड चिकटवलेलं असतं ती दरवाज्यांची आतली पॅनेलं, नवीन घ्या. बाबांचा या गाडीवर फार जीव आहे, विकायचं नाव काढू देत नाहीत. घरी जमण्यासारखं आहे का हे?

मांजलपूरवाला
ताई सिरिंज घ्या मेडिकलमधून, जाड सुईची, फुग्यात फेविकॉल भरा आणि वरून हाताने दाबा. माझ्या छताला असंच केलं होतं, वर्ष झालं, टिकून आहे.

कुशनकाम_हौशी
दादांच्या छताला टिकलं कारण तिथला कापडामागचा फोम शाबूत असणार. ताईंच्या दरवाज्यात करकरतंय म्हणजे फोमचा भुगा झालाय, आता गोंद चिकटणार त्या भुग्याला आणि भुगा तर पॅडला चिकटलेलाच नाही, मग कितीही सुया टोचा काय उपयोग. आणि लाकडाचा पांढरा फेविकॉल पाण्याचा असतो, प्लास्टिकवर तो धरत नाही.

पण ताई, कापड चिकटवण्याआधी ते भिजतंय कुठून हे बघा, माझ्या मते खरं काम तिथेच आहे. काचेच्या फटीतून दरवाज्यात पाणी प्रत्येक गाडीत जातं, ते खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. पुराचा गाळ त्या भोकांत बसला असला तर दर पावसाला पाणी आत साचत असणार. दरवाजा उघडून खालच्या कडेला हात फिरवा, भोकं सापडतील, झाडूची काडी घाला आणि वरून काचेपाशी लोटाभर पाणी ओतून बघा, लगेच खाली आलं पाहिजे.

मग पॅड काढा. हँडलच्या वाटीत आणि हात ठेवायच्या जागी स्क्रू असतात, बहुतेक एखाद्या छोट्या झाकणाखाली लपवलेले. मागच्या दरवाज्याला काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे स्प्रिंगची क्लिप असते, सुती कापडाची पट्टी आत सरकवून इकडून तिकडून ओढली की ती उडते, तेव्हा दुसरा हात पुढे धरा नाहीतर क्लिप शोधत बसाल. मग खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा एकेक सोडवा आणि शेवटी पॅड वर उचला. झटका मारू नका, पुढच्या दरवाज्यात पॉवर विंडोची वायर असते, ती आधी काढायची. आत पत्र्यावर प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने लावलेला दिसेल. लोक तो फाडून फेकून देतात, फार वाईट वाटतं बघून, कारण तोच पॅडला पाण्यापासून वाचवतो. फाटला असेल तर जाड प्लास्टिक कापून नवीन बसवा.

आता कापड. पूर्ण उचकटा, जुना फोम कोरड्या मऊ ब्रशने झाडून काढा, तोंडाला मास्क लावा. पॅड प्लास्टिकचा असेल तर काम सोपं, पण दाबलेल्या भुशाचा असेल आणि खालून फुगला असेल तर आधी सपाट जागी वजन ठेवून चांगला वाळवा. फुगून पोपडे निघत असतील तर त्या एका पॅडपुरतं सीटकव्हरवाल्याचं खरं आहे, भंगारबाजारात बघा. कापड जुनं परत वापरू नका, फोम लावलेलं नवीन मीटरवर मिळतं. गोंद फेविकॉल एसआर ९९८ किंवा तसाच रबराचा. पॅडला आणि कापडाच्या फोमला, दोन्हीकडे पातळ हात द्या, मग १०-१५ मिनिटं थांबा, बोटाला तार येईनाशी झाली की मगच लावा. मधून सुरुवात करून कडेकडे हात फिरवत जा, ताणू नका, आणि कडेला इंचभर कापड मागे दुमडायला ठेवा. गोलाईवर मागच्या बाजूने छोटे काप दिले की सुरकुती येत नाही.

पावसाळी हवेत हे काम नकोच, ओल धरते आणि गोंद पांढुरका पडतो. गॅलरीत करा, वास उग्र असतो आणि जवळ शेगडी किंवा देवाचा दिवा पेटलेला नको, भडकतो तो.

मांजलपूरवाला
हे माहीत नव्हतं. माझ्या छताला मी पांढराच घातला होता, आता उन्हाळ्यात लक्ष ठेवतो. फोटो टाका ताई झाल्यावर.

अकोट्याची_सून
खूप खूप आभार दादा. रविवारी बाबांना बरोबर घेऊन बसले. भोकं पूर्ण बुजली होती, काडी घातल्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं, एवढ्या महिन्यांनी! पुढचा पॅड प्लास्टिकचा निघाला, तो झाला पण, एका कोपऱ्यात सुरकुती राहिलीये तेवढी. मागचा भुशाचा आहे आणि खालून चार बोटं फुगलाय, तो दिवाणाखाली विटा ठेवून दाबलाय. किती दिवस ठेवू?

कुशनकाम_हौशी
आठवडाभर तरी. मधे एकदा उलटा करा आणि पंखा लावून ठेवा. नखाने खरवडून बघा, भुसा सुटला नाही तर चिकटवायला घ्या.