आजोबांच्या पेटीतील बुद्धमस्तक, इराणी सुरई आणि सांधलेला वाडगा

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे आजोबा १९५१ पर्यंत इराणमधील अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हिशेबनीस होते आणि दर रजेला आखाती बोटीने कराचीमार्गे मुंबईला येत. गेल्या महिन्यात नाशिकच्या घराच्या माळ्यावरून त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या तीन वस्तू निघाल्या. पहिली म्हणजे निळसर करड्या दगडातील वीतभर उंचीचे बुद्धाचे मस्तक; त्याचे केस लाटांसारखे मागे वळवलेले असून नाकाचे टोक उडालेले आहे. दुसरी गडद निळ्या काचेची सुरई, जिची मान हंसासारखी वळत जाऊन तोंडाशी पन्हळीप्रमाणे पसरते. तिसरा एक पांढुरका वाडगा. त्याच्या आत घोडेस्वार आणि बसलेल्या माणसांची लाल, निळी, सोनेरी चित्रे आहेत. मस्तकाबरोबर कराचीच्या एका दुकानाची १९४६ ची हस्तलिखित पावती आहे. बाकी दोन वस्तूंचा कागद नाही, परंतु आजोबांच्या रोजनिशीत ‘काशानचा वाडगा’ (काशान हे इराणमधील एक शहर) असा उल्लेख आहे.

या वस्तू हाताळल्यापासून मला या विषयाची ओढ लागली आहे आणि गांधार (म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पेशावर-स्वातकडचा प्राचीन प्रदेश) येथील शिल्पे व इस्लामी काच-मृत्पात्रे यांचा छोटा, नीट अभ्यासलेला संग्रह करावा असे मनात आहे. त्यासाठी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या वस्तू खऱ्या आहेत का, हे घरच्या घरी कितपत कळते? कायद्याने मला काय करणे भाग आहे? आणि एका व्यापाऱ्याने बसलेल्या बुद्धाच्या गांधार मूर्तीचे छायाचित्र फोनवर पाठवून ‘कागद नंतर करून देऊ’ असे सांगितले आहे, त्याला काय उत्तर द्यावे? आई सुरई साबणाने धुऊन लखलखीत करायची म्हणते, तिला मी तूर्त थांबवले आहे.

काचेचीनळी

गोदाकाठ, आपण आईंना थांबवलेत हे फार बरे केलेत. मी काच आणि मातीच्या वस्तूंच्या जतनाचे काम गेली अनेक वर्षे करत आहे आणि घरगुती धुलाईने जितक्या वस्तू बिघडलेल्या पाहिल्या, तितक्या पडून फुटलेल्या पाहिल्या नाहीत. जमिनीत शतकानुशतके पुरलेल्या काचेतील क्षार ओलाव्याने निघून जातात आणि पृष्ठभागावर कागदाहून पातळ थर सुटू लागतात. मोराच्या पिसासारखी जी रंगांची झाक दिसते ती याच थरांमुळे असते, आणि पाण्याने व साबणाने ती अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी निघून जाते. आपली सुरई बहुधा पुरलेली नसावी. हंसासारख्या मानेच्या निळ्या सुरया इराणमध्ये मुख्यतः एकोणिसाव्या शतकात फुंकल्या जात. विरहिणीचे अश्रू साठवण्याची कथा त्यांना जोडली जाते, पण गुलाबपाणी शिंपडण्यासाठी त्या वापरल्या जात असाव्यात हेच मला अधिक पटते. तिचा तळ पाहा. फुंकलेल्या काचेच्या तळाला लोखंडी सळी चिकटवून तोंडाला आकार देतात, आणि सळी तोडल्यावर मधोमध एक खरखरीत वर्तुळाकार व्रण उरतो. त्या व्रणाभोवती वर्षानुवर्षे टेकवल्यामुळे पडलेले बारीक ओरखडे असतील, तर ते सर्व दिशांनी गेलेले दिसतील. वाळूच्या कागदाने मुद्दाम पाडलेले ओरखडे बहुधा एकाच दिशेने जातात.

वाडग्याविषयी अधिक सांगायचे आहे, कारण तीनही वस्तूंत तोच सर्वांत अवघड आहे. आपण केलेल्या वर्णनावरून ते ‘मिनाई’ काम असावे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून मंगोल स्वाऱ्यांपर्यंतच्या थोड्याच दशकांत, विशेषतः काशानमध्ये, हे काम होत असे. काही रंग झिलईखाली (भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाखाली) देऊन एकदा भाजत आणि लाल, काळा, सोनेरी असे उरलेले रंग झिलईवर लावून पुन्हा मंद आचेवर भाजत. त्याची माती म्हणजे आपल्या कुंभाराची माती नव्हे. काशानच्याच कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये लिहून ठेवलेल्या कृतीत दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काच आणि एक भाग पांढरी माती असे प्रमाण दिले आहे. त्यामुळे अस्सल तुकड्याची फुटलेली कड खडीसाखरेसारखी कणीदार आणि पांढरी दिसते.

मिनाई वाडगे उत्खननातून जवळजवळ नेहमी तुकड्यांत मिळाले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजारासाठी ते जोडून, गळलेल्या जागा प्लास्टरने भरून, वर नवी चित्रे रंगवून विकले गेले. कधी दोन-तीन वेगवेगळ्या वाडग्यांचे तुकडे एका वाडग्यात बसवले जात. मोठमोठ्या संग्रहालयांतील मिनाईमध्येही असे काम सापडले आहे, म्हणून आजोबांची फसवणूक झाली असे लगेच मानू नका. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरा, म्हणजे नवे भरण आणि नवे रंग जुन्या झिलईहून वेगळ्या रंगाने उजळतील. बोटाच्या नखाने काठावर हलकेच टिचकी मारा; सलग वाडगा खणखणतो आणि सांधलेला बद्द आवाज देतो. तो कधीही पाण्यात बुडवू नका, कारण जुना सरस विरघळून वाडगा हातात सुटा होईल.

नोंदवही

कायद्याची बाजू मी सांगतो. काही काळ या विषयाच्या दप्तरी कामाशी माझा संबंध होता. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी ५ एप्रिल १९७६ पासून सुरू झाली. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते, मग ती मूळ गांधारची असो वा काशानची. ती भारतात आहे एवढे पुरे आहे. दगडी शिल्पाची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करणे बंधनकारक आहे, तेव्हा मस्तकाची छायाचित्रे, मापे आणि पावतीची प्रत जोडून, इतका उशीर का झाला याचे खरे कारण लिहून अर्ज करावा. सुरई व वाडग्याबाबत त्याच कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. नोंदणीने वस्तू सरकारजमा होत नाही, मालकी आपलीच राहते. पुढे ती कोणाला दिली किंवा विकली तर मात्र कळवावे लागते. परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतील बहिणीकडे भेट म्हणून सुरई सामानात टाकून नेणे हादेखील गुन्हाच आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण लोक अजाणतेपणी असे करतात.

१९४६ ची ती पावती मूर्तीइतकीच मोलाची समजा. तेव्हा कराची आणि मुंबई एकाच देशात होत्या. फाळणीनंतर लाहोर संग्रहालयाचा ठेवा साठ-चाळीस अशा प्रमाणात वाटला गेला आणि भारताच्या वाट्याची सहाशेहून अधिक गांधार शिल्पे आज चंदीगडच्या शासकीय संग्रहालयात आहेत. आपले मस्तक त्याआधीच खासगी हातांत होते, हे दाखवणारा कागद आपल्याकडे आहे, आणि तसे भाग्य फार थोड्यांना लाभते.

फोनवरच्या व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणावे. ‘कागद नंतर करून देऊ’ याचा अर्थ कागद खोटा असेल. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००७ मध्ये मथुरेचा एक कुषाणकालीन बसलेला बुद्ध दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला घेतला. सोबतच्या कागदांत तो १९६० च्या दशकात हाँगकाँगमध्ये खरेदी झाल्याचे लिहिले होते. तो इतिहास टिकला नाही आणि २०१६ मध्ये मूर्ती भारताला परत करावी लागली. याउलट नालंदाच्या संग्रहालयातून १९६१ मध्ये चोरीस गेलेल्या चौदा मूर्तींपैकी एक, चांदीचे जडावकाम असलेला बाराव्या शतकातील कांस्य बुद्ध, २०१८ मध्ये युरोपातील एका कलाजत्रेत ओळखला गेला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनमध्ये भारताच्या स्वाधीन झाला. ती ओळख पटली ती जुन्या दप्तरातील छायाचित्रांमुळे. म्हणून आजच्या आज चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, फुटलेल्या जागांसह फोटो काढा.

टेम्सकाठ

मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो आणि माझ्या ऐपतीप्रमाणे इस्लामी मृत्पात्रे गोळा करतो. माझे मत असे, की नवख्या संग्राहकाने सलग, देखण्या वस्तूंचा मोह सोडून तुकडे घ्यावेत. माझ्याकडे इराणमधील निशापूरच्या दहाव्या शतकातील एका थाळीचा तळहाताएवढा तुकडा आहे. लालसर मातीवर पांढऱ्या मातीचा थर, त्यावर काळ्या कूफी या कोनदार अरबी लिपीतील तीनच अक्षरे आणि वर पारदर्शक झिलई. एका अक्षराचा दांडा काठाकडे चढत जाताना लेखणी किंचित थरथरली आहे, आणि तिथे काळा रंग दोन्ही बाजूंना केसाएवढा पसरला आहे. अशा थाळ्यांवर मालकाला आशीर्वाद किंवा एखादी म्हण लिहीत. माझ्या तुकड्यावरचा शब्द अपुरा असला, तरी त्यात कोणी काही भरलेले नाही, आणि मातीपासून झिलईपर्यंतचे सगळे थर त्याच्या कडेवर उघडे दिसतात. सलग वाडग्याने मला इतके शिकवले नसते.

मस्तकाबद्दल एक सावधगिरीची सूचना. दगड कधी कोरला हे सांगणारी प्रयोगशाळेतील चाचणी नाही. वस्तू शेवटची कधी भाजली हे सांगणारी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी भाजलेल्या मातीला आणि कांस्य मूर्तीच्या पोटात राहिलेल्या मातीच्या गाभ्याला चालते, गांधार शिल्पांच्या शिस्ट या करड्या दगडाला चालत नाही. शिवाय पेशावर आणि स्वातकडच्या त्याच दगडात आजही उत्तम नकला कोरल्या जातात, आणि त्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही होत्या, म्हणून १९४६ ची पावती मस्तक प्राचीन असल्याचे सिद्ध करत नाही. दहापट भिंगातून कानाच्या पोकळीत, नाकपुड्यांत आणि केसांच्या खाचांत पाहा. तिथे छिन्नीच्या ताज्या, पांढुरक्या खुणा असतील तर शंका घ्यावी. मानेची तुटलेली बाजूही पाहा. ती करवतीने सपाट कापलेली असेल, तर कोणीतरी ते मस्तक विकण्यासाठीच धडावेगळे केले आहे. शक्य झाल्यास एक दिवस मुंबईला जाऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील गांधार शिल्पे आणि सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाच्या मातीच्या बुद्धमूर्ती पाहाव्यात, म्हणजे डोळ्याला सवय होईल.

काचेचीनळी

टेम्सकाठ, आपल्या तुकड्याचे वर्णन वाचून आनंद झाला, पण नवख्यांना तुकडे घेण्याचा सल्ला सरसकट देऊ नये असे मला मनापासून वाटते. तुकड्याला गिऱ्हाईक मिळाले, की टेकाड खणणाऱ्याला फुटलेला मालही विकता येतो, आणि मग त्या थरात त्याच्याबरोबर काय होते, चूल होती की भट्टी, हे कायमचे पुसले जाते. निशापूरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९३५ पासून रीतसर उत्खनन केले म्हणून त्या थाळ्यांविषयी आज काही बोलता येते. त्याच गावात बाजारासाठी खणलेल्या खड्ड्यांनी काय सांगितले? काहीही नाही.

टेम्सकाठ

आपला आक्षेप मला मान्य आहे आणि माझे विधान मी दुरुस्त करतो. तुकडादेखील १९७० पूर्वीच्या एखाद्या संग्रहातून आल्याचा पुरावा असेल तरच घ्यावा. पुरावस्तूंचा बेकायदा व्यापार रोखण्यासाठीच्या त्या वर्षीच्या युनेस्को करारानंतर इथले जबाबदार विक्रेते आणि संग्रहालये तीच सीमारेषा धरतात. माझ्या निशापूरच्या तुकड्यामागे एका जुन्या संग्रहाची शाईने लिहिलेली चिठ्ठी आहे, हे मी आधीच लिहायला हवे होते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री दिवे मालवून भावाच्या दुकानातील नोटा तपासण्याचा अतिनील दिवा वाडग्यावर धरला. जवळजवळ एक तृतीयांश भाग फिकट पिवळसर उजळला. त्यात एका घोड्याचे मागचे पाय आणि दोन माणसांचे संपूर्ण चेहरे आले. पण मधला स्वार मात्र गडद आणि शांत राहिला, त्याच्या खोगिरावरील सोनेरी वर्खाचे कण भिंगातून दिसतात, आणि तेवढा अस्सल स्वार घरात आहे याचाच मला फार आनंद झाला आहे. मस्तकाची मान कापलेली नाही, ती वेडीवाकडी तुटलेली असून त्या तुटलेल्या बाजूवरही करडेपणा आणि मातीचे घट्ट कण आहेत. डाव्या कानामागे दगड सपाट सोडलेला आहे, त्यामुळे ते एखाद्या भिंतीतील शिल्पपट्टाचे असावे असे वाटते. व्यापाऱ्याला नकार कळवला. नोंदणीचा अर्ज या आठवड्यात तयार करतो. पावतीचा कागद घडीवर फाटू लागला आहे, म्हणून ती लॅमिनेट करून घ्यावी का?

नोंदवही

कृपया लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आतला कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. फाटलेल्या घडीला चिकटपट्टीही लावू नका. पावती उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, आणि रोजनिशीतील ‘काशानचा वाडगा’ हा उल्लेख असलेल्या पानाचाही तारखेसह फोटो घेऊन तो त्याच फाइलमध्ये लावा. अर्जाला मूळ पावती जोडू नका, प्रत जोडा, आणि मूळ कागद अधिकाऱ्यांना दाखवून लगेच परत घ्या.