नवी पुस्तकखरेदी: कोणतं पुस्तक कसं निघालं, स्पष्ट सांगा

धागाकर्ता
नुकत्याच आणलेल्या पुस्तकांचा ढीग समोर ठेवा आणि एकेकाबद्दल आडपडदा न ठेवता लिहा. मजकुराचं कौतुक सगळेच करतात. आवृत्ती कशी काढली आहे, बांधणी टिकेल का, अनुवाद पुरा आहे का, तेही येऊ द्या. शीर्षकं नकोत, प्रकार सांगितला तरी कळेल.

कोरा पुठ्ठा
जाडजूड कादंबरी, पेपरबॅक. मजकूर झकास, बांधणी भिकार. अशा पुस्तकात फॉर्मच्या (मोठा छापील कागद दुमडून केलेल्या पानांच्या जुडीच्या) घड्या कण्याकडून कापून टाकतात, कडा खरवडतात आणि गरम गोंदावर कव्हर बसवतात. साधा हॉटमेल्ट गोंद गारठ्यात ठिसूळ होतो, उन्हात सैल पडतो. म्हणून पानं बहुतेक मधूनच सुटतात. पीयूआर (पॉलीयुरेथेन) गोंद जास्त लवचिक असतो, पण तो वापरलाय हे पुस्तकावर सहसा लिहिलेलं नसतं.

घेतानाच कण्याचं वरचं टोक न्याहाळा. शिवलेल्या पुस्तकात छोट्या छोट्या घड्या शेजारी शेजारी दिसतात आणि फॉर्मच्या मध्यावर दोरा सापडतो. नुसत्या चिकटवलेल्यात सरळ कापलेली सपाट कड असते. कव्हर जाड पुठ्ठ्याचं म्हणजे आत शिलाई असणारच, असं मुळीच नाही.

पान उलटलं की ताठ उभं राहतंय, पुस्तक आपोआप मिटतंय? मग कागदाच्या तंतूंची दिशा आडवी गेली आहे. ती कण्याला समांतर हवी. पान न मोडता हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेला सहज वळतं, त्या वळणाची रेघ तंतूंच्या दिशेची. आडव्या तंतूंच्या पुस्तकावर कितीही वजन ठेवा, ते सुधारत नाही.

जुनं पान
माझा ढीग सगळा वापरलेल्या पुस्तकांचा. कव्हर फाटलेलं चालतं, फॉर्म गहाळ असलेला चालत नाही. फॉर्म बहुधा १६ पानांचा, म्हणजे नवा फॉर्म १, १७, ३३, ४९ असा सुरू होतो. बऱ्याच जुन्या पुस्तकांत त्या पानाच्या तळाशी बारीक खुणेचा आकडाही असतो. गडबड झाली की ती याच सांध्यांवर: ४८ नंतर थेट ६५, किंवा ३३ ते ४८ दोनदा. सगळी पानं मोजत बसू नका, हे सांधे तेवढे बघा. चित्रपानांवर मात्र बरेचदा पृष्ठांक नसतो, ती चित्रसूचीशी ताडून पाहावी लागतात. कापून नेलेली असतात ती हीच.

तपकिरी ठिपक्यांनी वाचन अडत नाही. भोकं जुनी असली तरी हरकत नाही, पण पुस्तक टेबलावर आपटल्यावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे असं धरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडलीत तर कागदावर दव धरतं. पूर्ण एक दिवस बंदच राहू द्या.

मुद्रितशोधक
दुर्मीळ ग्रंथाचं नव्याने अक्षरजुळणी केलेलं पुनर्मुद्रण. निराशा. जुनी प्रत स्कॅन करून यंत्राने वाचून घेतली आहे आणि नंतर कुणी डोळे फिरवलेले दिसत नाहीत. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’, ‘ख’ फुटून ‘रव’. ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ दिसलं, रफार भलत्याच अक्षरावर गेला, तर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना झालेली पडझड समजा.

पहिलं प्रकरण बहुतेक स्वच्छ असतं, त्यावर जाऊ नका. तळटिपा, संस्कृत श्लोक आणि शेवटची दहा पानं उघडा. मग नामसूचीतली तीन नावं त्या त्या पानावर शोधा. नवी जुळणी केली की पानं सरकतात, सूची मात्र पुष्कळदा जुनीच उचलून लावलेली असते. तीनही नावं चुकली तर संदर्भासाठी ते पुस्तक निरुपयोगी. त्यापेक्षा जुन्या प्रतीचं जसंच्या तसं छायामुद्रण परवडलं: दिसायला धुरकट, पण विश्वासाचं.

वाचनखूण
दोन अनुवाद. एकाच्या श्रेयपानावर मूळ शीर्षक आहे, पण कोणत्या भाषेतून अनुवाद केला त्याचा पत्ता नाही. मूळ फ्रेंच असून मधली पायरी इंग्रजीची असेल तर ती छापायला हवी. दुसऱ्यात ‘संक्षिप्त’ हा शब्द आत, बारीक टायपात. मूळ पुस्तकाची प्रकरणसंख्या जुळते का ते आधी बघा. जुळली तरी एखाद्या लांब प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद मुळाशी ताडा. काटछाट वर्णनांत होते, संवाद सहसा वाचतात.

धागाकर्ता
आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, वेगळा म्हणजे आवृत्ती वेगळी, असं धरायचं का?

मुद्रितशोधक
डोळे झाकून नको. पुठ्ठा बांधणी आणि पेपरबॅक यांना मजकूर तोच असला तरी स्वतंत्र क्रमांक लागतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही, मजकुरात मोठे बदल केले तर लागतो. २००७पासून क्रमांक १३ अंकी झाला. त्याआधीच्या १० अंकी क्रमांकाच्या सुरुवातीला ९७८ लावून शेवटचा तपासणीचा अंक बदलला की तेच पुस्तक. तेव्हा कव्हरवर ‘सुधारित आवृत्ती’ आणि आत क्रमांक जुना, पानंही तेवढीच, असं दिसलं तर सुधारणा प्रस्तावनेपुरती असण्याची शक्यता दाट.

कोरा पुठ्ठा
चित्रांच्या मोठ्या पुस्तकाबद्दल राहिलं. छपाई सुंदर, मांडणी ढिसाळ: दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा मधला भाग कण्यात गडप. चित्रातला चेहरा नेमका तिथेच आला तर काय बघायचं? आर्ट पेपर वजनदार, त्यामुळे उभं ठेवलं तर आतला गठ्ठा पुढे झुकून पुठ्ठ्याच्या बिजागरीवरचं अस्तर फाटतं. आडवंच ठेवा.

वाचनखूण
आणि नवं पुस्तक मधून उघडून दाबू नका. कणा टेबलावर टेकवा, आधी दोन्ही कव्हरं खाली सोडा, मग आलटून पालटून दोन्हीकडची थोडी थोडी पानं हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या.

जुनं पान
फाटलेल्या पानाला सेलोटेप तर नकोच. गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा, वर वजन ठेवून सुकू द्या. घाई असेल तर फाटकं पान तसंच राहिलेलं बरं.