अनुभव धागा: मॉनिटर जोडला, पण चित्र येईना

मंडळी, आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून गुजरीतल्या दागिन्यांच्या डिझाईनपर्यंत आता लॅपटॉपशेजारी दुसरा स्क्रीन लागतोच. ‘नो सिग्नल’ आलं की माणूस आधी मॉनिटरला नावं ठेवतो. दोष मात्र बऱ्याच वेळा केबलमध्ये, पोर्टात नाहीतर सेटिंगमध्ये असतो. ज्यांच्या हातून ही कामं रोज जातात त्यांनी इथं लिहावं. कुठली केबल, कुठलं बटण, किती आकडा, असं नेमकं लिहा.

राजारामपुरी, संगणक जोडणी
आधी मॉनिटरच्या मेनूत सोर्स (चित्र कुठल्या पोर्टातून घ्यायचं ते) बघा. ऑटोवर ठेवूनही काही मॉनिटर व्हीजीएवरच (जुन्या पद्धतीचा पोर्ट) अडून बसतात. एचडीएमआय (आताचा नेहमीचा पोर्ट) हातानं निवडा. मग कीबोर्डवर विंडोज आणि पी ही बटणं दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. तरी अंधारच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर (चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर) नव्यानं सुरू होतो, उघडलेलं काम जात नाही. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डच्या पोर्टात लावू नका, खालच्या आडव्या पट्टीत कार्डाचे पोर्ट असतात तिथं लावा. ही चूक लय दिसते.

शाहूपुरी, केबल आणि सुटे भाग
टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे चित्र येणारच, असं नाही. पोर्टात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट (टाइप-सीमधून चित्र पाठवायची सोय) हवं. शेजारी ‘डी’सारखी किंवा विजेची खूण बऱ्याचदा असते, पण खात्रीसाठी मॉडेलची माहितीच वाचा. मोबाईलच्या चार्जरसोबत आलेल्या बहुतेक केबलींत चित्राच्या तारा नसतात. चार्जिंग होतं, स्क्रीन काळाच.

कन्व्हर्टर एकाच दिशेनं चालतो. नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर जोडायचा तर ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ मागा. उलटा घेतलात तर पैसे गेले.

फोरके (३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या) मॉनिटरवर माउस अडखळत सरकतोय? विंडोजच्या सेटिंगमधल्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) बघा. ३० हर्ट्झ दिसला तर बहुधा वाटेत कुठंतरी एचडीएमआय १.४ आहे. ३८४० बाय २१६० ला ६० हर्ट्झ हवेत तर लॅपटॉपचा पोर्ट, मॉनिटरचा पोर्ट, दोन्ही निदान २.० चे आणि केबल सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी लागते. एक जरी दुवा जुना असला तरी सगळं ३० वर येऊ शकतं. काही मॉनिटरांत एचडीएमआय २.० मेनूतून चालू करावं लागतं, तेही तपासा.

शिवाजी उद्यमनगर, कारखान्यातले संगणक
कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंग सुरू झालं की स्क्रीन क्षणभर जातो? मॉनिटर बदलून उपयोग नाही. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. संगणकाला मशीनच्या लाइनवर ठेवू नका. एचडीएमआय केबल मोटरच्या केबलीला समांतर बांधू नका, आणि दोन मीटरमध्ये भागत असेल तर दहा मीटरची ओढू नका. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कापलेली दिसली तर आधी तो प्लग बदला.

गुजरी, दागिन्यांचं डिझाईन
काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा) बहुधा ‘लिमिटेड’ असते, ती ‘फुल’ करा. नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद, मॉनिटर एसआरजीबी (रंगांचं ठरलेलं प्रमाण) मोडवर. सोन्याचा पिवळा रंग ग्राहकाला दाखवण्याआधी हे केलंच पाहिजे, नाहीतर पडद्यावर एक आणि हातात दुसरंच.

टीव्ही जोडणाऱ्यांसाठी
कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

लक्ष्मीपुरी, मॉनिटर दुरुस्ती
लाइट लागतो, पडदा काळा. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) किंवा तो चालवणारं सर्किट गेलंय. चालू-बंद, चालू-बंद होत असेल तर पॉवर बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) बघा. नवा टाकताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढा किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअस सोसणारा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. सवय नसेल तर मागचं झाकण उघडूच नका.

उभी रंगीत रेघ मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूवरही दिसली तर दोष पॅनेलचा. तिथं खर्च करू नये, पॅनेल बदलायचा खर्च जवळपास नव्या मॉनिटरच्या किमतीला जातो.

स्टँड काढून भिंतीवर लावताना मागच्या भोकांतलं अंतर मोजा: ७५ किंवा १०० मिलिमीटर. स्क्रू बहुतेक एम४ चा. लांब स्क्रू आतल्या बोर्डाला टेकतो, म्हणून हातानं फिरवून खोली बघूनच स्क्रू ड्रायव्हर लावा.

पावसाळ्यात भिंतीला ओल असेल तर मागं बोटभर हवा राहू द्या. पाणी शिरलेला मॉनिटर ‘चालतोय का बघू’ म्हणून लावू नका. आधी जाणकाराकडून उघडून वाळवून घ्या.