नदीखोऱ्यातील रानवाटांवर पाळलेल्या कुत्रीला सोबत नेता येईल का?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहतो. आमच्याकडे राणी नावाची साडेतीन वर्षांची कुत्री आहे. तिची आई कारवानी, म्हणजे वेगाने धावणाऱ्या शिकारी जातीची, आणि बाप गल्लीतला, त्यामुळे अंगाने सडपातळ, पायाने वेगवान आणि कानाने अतिशय सावध. वजन सुमारे 20 किलो. रोज पहाटे तळ्याभोवती आमची फेरी होते, परंतु एवढ्याने तिचे मन भरत नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसते. पाऊस सरला की रविवारी तिला घेऊन झाडीतून, नदीच्या किंवा ओढ्याच्या कडेने आठ-दहा किलोमीटर चालावे, असे मी ठरवले आहे.

माझ्या मनात पहिल्यांदा दाजीपूर आले, कारण भोगावतीच्या खोऱ्यातले ते रान मी लहानपणी वडिलांबरोबर पाहिले आहे. दुसरा विचार पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणाऱ्या वाटेचा आहे. या ठिकाणी कुत्र्याला नेता येते का, पाण्याजवळ तिला मोकळे सोडावे का, आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जिथे तिच्यामुळे रानाला किंवा माणसांना त्रास होईल, तिथे मला जायचे नाही.

सह्यकडा

ताई, आपले शेवटचे वाक्य वाचून उत्तर लिहायला बसलो. दाजीपूरचा विचार कृपया सोडून द्यावा. 1958 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य 1985 मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य करण्यात आले, आणि आज ते सुमारे 351 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. तिथे पाळीव कुत्रा नेण्यास परवानगी नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीतही हेच लागू आहे.

हा नियम अनेकांना जाचक वाटतो, म्हणून त्यामागचे कारण सांगतो. राधानगरीत गव्यांबरोबर कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत आणि ते आपल्या राणीच्याच कुळातले आहेत. डिस्टेंपरसारखा विषाणू पाळीव कुत्र्याकडून त्यांच्यात गेला, तर अख्खा कळप संपू शकतो. 2018 मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यातील अनेकांत हाच विषाणू सापडला होता. शिवाय कुत्रा भुंकला नाही, कोणाच्या मागे धावला नाही, तरी त्याचा वास वाटेवर राहतो, आणि भेकर किंवा पिसोरीसारखे बुजरे प्राणी ती जागा टाळू लागतात. लस टोचलेली, शिस्तीची कुत्रीसुद्धा या दुसऱ्या गोष्टीला अपवाद ठरत नाही.

अभयारण्याबाहेरही सरसकट मोकळीक आहे, असे समजू नये. पन्हाळा, विशाळगड आणि गगनबावडा भागातील काही वनपट्टे संवर्धन राखीव म्हणून घोषित झालेले आहेत. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या त्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

कासारीखोरे

पन्हाळा-पावनखिंड वाटेवर मी अनेकदा चाललो आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून शिवाजी महाराज 1660 च्या जुलैमध्ये याच मार्गाने विशाळगडाकडे गेले, त्या स्मरणार्थ दरवर्षी जुलैत शेकडो लोक एकत्र चालतात. त्या दिवसांत कुत्र्याला मुळीच नेऊ नये. गर्दी, धो धो पाऊस, निसरडा चिखल आणि भरून वाहणारे ओढे, यांपैकी एकही गोष्ट तिच्या सोयीची नाही. डिसेंबर-जानेवारीत वाट शांत असते, पण मसाई पठारावर सावली नसते आणि जांभ्याचा सडा उन्हे चढली की तापतो. आपण बूट घातलेले असतात, त्यामुळे हे आपल्या लक्षात येत नाही. तळहात दगडावर सात-आठ सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर तिच्या पंजांनाही सोसवणार नाही.

या वाटेवर धनगरवाडे आहेत आणि तिथली कुत्री आपल्या मेंढरांची, म्हशींची राखण करतात. परकी कुत्री दिसली की ती सगळी मिळून अंगावर येतात, आणि तो त्यांचा दोष नव्हे. वाडा दिसताच थांबून लांबूनच हाक द्यावी, “मामा, कुत्री हाय आमच्यासंगट, जरा धरा तुमची,” असे सांगावे. मला आजवर कोणीही नाही म्हटलेले नाही.

आपल्या पहिल्या फेरीसाठी मात्र मी गगनबावडा रस्त्यालगतचा कुंभी नदीचा काठ सुचवीन. साळवण, असळज या बाजूला गावाच्या पाणंदीतून नदीकडे उतरता येते, काठावर झाडी आहे, चढ फारसा नाही आणि कंटाळा आला तर रस्ता जवळच असतो. पळसंब्याचे रामलिंगही झाडीत, ओढ्याकाठी आहे. तिथे अखंड कातळातून कोरलेली लहान देवळे आहेत. ते देवस्थान असल्यामुळे राणीला घेऊन एकाने दूर थांबावे आणि दुसऱ्याने दर्शन घ्यावे.

पाण्याबद्दल विचारलेत, तर भोगावतीच्या काठी पावसाळ्यात विशेष सावध राहावे. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि खालच्या नदीचे पाणी वाढते. हिवाळ्यात ही भीती नसते, तरी डोहात तिला मोकळे सोडू नये. लांब दोरीवर, गुडघाभर पाण्यात खेळू द्यावे, तेवढ्याने ती खूश होते.

पशुवैद्य_करवीर

वाटेची माहिती वर आली आहेच, म्हणून मी फक्त प्रकृतीपुरते लिहितो.

रेबीजची वार्षिक लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस वेळेवर झाली आहे का, हे कार्डावर तपासावे. साचलेल्या पाण्यातून, चिखलातून जाणाऱ्या कुत्र्यासाठी लेप्टोची लस विशेष महत्त्वाची आहे, कारण हा आजार उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो आणि माणसालाही होतो. हिरवी साय धरलेले डबके दिसले, तर त्यातले पाणी तिला चाटूही देऊ नये.

आपल्या भागात मला सर्वांत जास्त चिंता गोचिडांची वाटते. दवाखान्यात ताप, फिकट हिरड्या आणि नाकातून रक्त घेऊन येणाऱ्या कुत्र्यांत गोचीडतापाचे प्रमाण मोठे आहे. गोचीड चावल्यानंतर लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे त्या रविवारच्या फिरण्याशी त्याचा संबंध मालकाच्या ध्यानातच येत नाही. निघण्यापूर्वी गोचीडप्रतिबंधक औषध द्यावे. परत आल्यावर कानांच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी हाताने चाचपून पाहावे. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा तेल लावू नये.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते. तिच्या वजनाच्या कुत्रीला नुसते घरी बसूनही दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागते, तेव्हा चालताना दीड ते दोन लिटर तिच्यासाठी वेगळे ठेवावे. जीभ गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली आणि पाय अडखळू लागले, तर सावलीत नेऊन पोटावर, काखेत साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. भटकंतीला जाणाऱ्यांच्या पिशवीत बेदाणे, मनुका असतात आणि प्रेमाने त्यातले चार दाणे कुत्र्यालाही दिले जातात. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तिच्यासाठी भाकरी आणि उकडलेले अंडे न्यावे.

साप चावल्यास जखम कापू नये, दोरी आवळून बांधू नये, तिला चालवू नये. उचलून आणावे. आपल्याकडे माणसांना दिले जाणारे प्रतिविषच कुत्र्यांनाही दिले जाते. ते ज्या दवाखान्यात असते त्याचा क्रमांक आधीच जवळ असावा.

शाहूवाडीकर

मी शेतकरी आहे, आमचे रान जंगलाला लागून आहे. ताईंनी कुत्रीला मोकळे सोडण्याविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. उसाच्या आणि भाताच्या कडेने रानडुकरांसाठी काही लोक तारेचे फासे लावतात, कुंपणात चोरून वीज सोडतात, आणि काही ठिकाणी पिठात लपवलेले गावठी बॉम्बही ठेवतात. हे सारे बेकायदेशीर आहे, तरी घडते. पिठाचा वास घेत तोंड घालणारे कुत्रे त्यात हमखास मरते.

दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या एका कुटुंबाचा मोकळा कुत्रा माझ्या गाभण शेळीमागे लागला. ती घाबरून बांधावरून पडली आणि गाभडली. त्यांनी क्षमा मागितली, पैसेही देऊ केले, परंतु आठ दिवस ती शेळी चारा खात नव्हती, ते मला पाहवत नव्हते. कुत्री कितीही गुणी असली, तरी दोरी हातातून सोडू नका, एवढीच विनंती. आणि संध्याकाळी पाचच्या आत रानातून बाहेर या. बिबट्या कुत्र्याला सहज उचलतो, आणि गवे त्याच वेळी पाण्यावर उतरतात. गवा दिसला तर कुत्रीला जवळ ओढून, भुंकू न देता, आल्या वाटेने मागे फिरावे.

रंकाळाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दाजीपूरला वडिलांना घेऊन जाईन, राणी त्या दिवशी घरी राहील. लेप्टोची लस कार्डावर दोन महिन्यांपूर्वीच संपलेली दिसली, ती उद्याच देऊन घेते. पहिली फेरी डिसेंबरमध्ये असळजच्या बाजूने करू. दोरी किती लांब घ्यावी, एवढेच विचारायचे राहिले.

कासारीखोरे

पाणंदीत दोन मीटर पुरे. नदीकाठी पाच मीटरची घ्यावी, परंतु ती गळ्यातल्या पट्ट्याला न अडकवता छातीच्या हार्नेसला अडकवावी. कारवानी रक्ताचे जनावर ससा दिसताच एकदम झेप घेते आणि मानेला हिसका बसतो. दोरी सुती असावी. नायलॉनची हातातून सरकली, तर तळवा सोलून निघतो.