ऑलिम्पियाडची तयारी: पीडीएफचा ढीग झालाय, सुरुवात कशाने करू?

आठवीचा_बाबा
मुलीला शाळेचं गणित डाव्या हातचा मळ वाटतं, म्हणून हौसेने आयएमओचा (आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा) एक जुना पेपर दिला तर सहापैकी एकही सुटेना, रडकुंडीला आली बिचारी. मग मी घाबरून दिसेल ते डाउनलोड करत सुटलो, आता चाळीसेक पीडीएफ झाल्यात आणि तिने उघडल्यात दोन. कुठून सुरू करायचं? क्लास लावू का?

तिरका_कोन
अहो एकदम आयएमओ?? तिथे दोन दिवस रोज साडेचार तास देतात ते फक्त तीन-तीन गणितांसाठी, भलेभले कोरे पेपर देऊन येतात. आधी एएमसी ८ (अमेरिकेतली शाळकरी मुलांची गणित स्पर्धा) चे जुने पेपर द्या, ४० मिनिटांत २५ प्रश्न, पर्याय दिलेले असतात. ते जमायला लागले की त्याच्या वरची एएमसी १०, मग त्याहून अवघड एआयएमई, त्यात १५ प्रश्न, ३ तास, उत्तर ० ते ९९९ मधली पूर्ण संख्या, त्यामुळे तुक्के चालत नाहीत. हे सगळं आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या विकीवर उत्तरांसकट फुकट आहे. बाकीच्या पीडीएफ खुशाल उडवा.

शून्य_शेष
पेपरांबद्दल सहमत, पण खरी गोची उत्तरं फुकट असण्यातच आहे. दहा मिनिटं डोकं खाजवायचं, उत्तर बघायचं, "अरे हे तर सोपं होतं" म्हणायचं, माझं पहिलं वर्ष असंच पाण्यात गेलं. एका गणिताला निदान तासभर द्यायचा, नाही सुटलं तर दुसऱ्या दिवशी परत. आणि उत्तर बघितलंच तर वही मिटून आपल्या शब्दांत पूर्ण सिद्धता लिहायची, अर्ध्या वेळा मधेच अडकायला होतं तेव्हा कळतं काय समजलं नव्हतं ते.
तिला हे द्या: १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या घेतल्या तर त्यात एक दुसरीला भागणारी जोडी असतेच, का? आधी १ ते ६ मधल्या चार घेऊन खेळू दे. उत्तर मी इथे टाकत नाही.

तिरका_कोन
क्लासचं राहिलंच, इतक्यात नको. आयएमओ शॉर्टलिस्टही (ज्यातून आयएमओचा पेपर निवडतात ती गणितांची यादी) आत्ता नको, पण पुढे त्याच्यासारखं काही नाही, बीजगणित, संख्या सिद्धांत (पूर्ण संख्यांचे गुणधर्म), भूमिती, कॉम्बिनेटोरिक्स (मोजणी-मांडणीची गणितं) असे चार भाग, प्रत्येकात साधारण सोप्याकडून अवघडाकडे. व्हिडिओंच्या नादी फार लागू नका, बघताना सगळंच समजल्यासारखं वाटतं.

आठवीचा_बाबा
तीन दिवस झाले, वही सोडत नाहीये. आत्ता जेवता जेवता म्हणाली, प्रत्येक संख्येला २ ने भाग जाईल तितके वेळा भागत गेलं तर शेवटी विषम संख्याच उरते, आणि १०० पर्यंत विषम तर ५० च आहेत. बरोबर चाललंय का? मला स्वतःला पुढचं कळलेलं नाही हो.

शून्य_शेष
एकदम बरोबर! काही सांगू नका तिला. फक्त विचारा, ५१ संख्या आणि उरणाऱ्या ५० च, मग काय होणार?