रानातल्या पाखरांच्या अंगात पारा कुठून आला?

पाखरू:
पेरूच्या माद्रे दे दिओस भागात सोन्याच्या खाणकामामुळे नद्यांत पारा उतरतो, मासे विषारी होतात, इथवर समजलं. पण किड्यांवर जगणाऱ्या, मासा कधीच न खाणाऱ्या रानपाखरांतही तो सापडलाय म्हणे. तीही शाबूत जंगलातली पाखरं. हे कसं काय? कुणी नीट उलगडून सांगेल का?

नदीकाठ:
पाण्यापुरतं मी सांगतो. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात. ते अंगात गेलं की लवकर बाहेर पडत नाही. किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत वाढतच जातं. सगळ्यात वर महाकाय पाणमांजर, जे दिवसाला तीन-चार किलो मासे खातं. खाणकामाचे सोडून दिलेले खड्डे पाण्याने भरतात, ते तर या जिवाणूंना आयतेच मिळतात. पाखरांचं रसायनी सांगतीलच.

रसायनी:
दुसरी वाट हवेची आहे, आणि मला जास्त धास्ती तिचीच वाटते.

गाळात पारा मिसळला की सोन्याचे बारीक कण त्याला धरतात. फडक्यातून पिळलं की जादा पारा गळतो आणि हातात चांदीसारखा पांढुरका गोळा उरतो. सोनं मोकळं करायला तो भाजतात, बऱ्याचदा उघड्यावरच. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे भाजताना वाफ होऊन उडून जातो.

ही वाफ पानं रंध्रांतून आत ओढून घेतात. पाऱ्याचे कण पानांवरही बसतात, पाऊस ते धुऊन खाली आणतो. पान गळलं की त्यातलाही मातीत. तिथून किड्यांत, आणि किड्यांतून पाखरांत. म्हणजे जंगल जितकं दाट, तितका पारा जास्त अडतो. 2022 च्या जानेवारीत नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अभ्यासात खाणींजवळच्या लोस आमिगोस या राखीव भागातल्या जुन्या जंगलात पानांवरून ठिबकणाऱ्या पावसात प्रचंड पारा निघाला, झाडं तोडलेल्या जागी मात्र कितीतरी कमी. सगळ्यात निरोगी जंगलाच्या वाट्याला सगळ्यात जास्त विष! वाचून सुन्न झाले होते मी. तिथल्या पाखरांत खाणींपासून लांबच्या कोचा काशूमधल्या पाखरांच्या 2 ते 12 पट पारा होता.

त्यात कोळी खाणाऱ्या पाखरांचं आणखी वाईट. कोळी स्वतःच शिकारी, त्यामुळे किड्यांतला पारा त्याच्यात आधीच साचलेला असतो. पारा वाढला की पाखरांची घरटी फसतात, पिल्लं कमी जगतात.

पाखरू:
बाप रे. मग जंगल नसलेलंच बरं, असा अर्थ कुणी काढायचा! आणि 2019 मध्ये सरकारने तिथल्या ला पाम्पा या खाणपट्ट्यात बेकायदा खाणकाम थांबवायला फौज घातली होती ना, त्याने फरक पडला का?

रसायनी:
तसा अर्थ काढला तर घात होईल. झाडं उभी आहेत तोवर मातीतला पारा बराचसा तिथेच धरलेला राहतो. जंगल जाळलं तर तो पुन्हा हवेत, तोडलं तर मातीबरोबर नदीत.

फौजेमुळे ला पाम्पातलं खाणकाम खूप घटलं, पण काही जण आजूबाजूला सरकले. भाजताना वाफ कोंडून तिचा परत पारा करणारं बंद भांडं मिळतं, त्याला रिटॉर्ट म्हणतात. पाऱ्याला आळा घालणाऱ्या, 2017 पासून लागू झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पेरू आहे, आणि उघड्यावर भाजणं थांबवण्यासाठी पावलं उचलणं त्यात अपेक्षित आहे. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी. ती वाफ सगळ्यात आधी भाजणाऱ्याच्याच फुप्फुसात जाते, हे त्याला समजावून सांगता येतं.