प्रश्न मतदाराचा की दाखल्याचा?
नायजेरियातील मतदार जमात पाहून मत देतो आणि तेथील दुरवस्थेचे मूळ त्यातच आहे, हे मत मला अर्धेच पटते, कारण हा हिशोब केवळ मतदाराच्या मनात नसून तो राज्यघटनेतही लिहिलेला आहे. 1999 च्या घटनेनुसार अध्यक्षाला 36 राज्यांपैकी प्रत्येकातून किमान एक मंत्री घ्यावा लागतो आणि तो त्या राज्याचा मूळचा असावा लागतो. नुसता रहिवासी असून भागत नाही, घराण्याची मुळे तेथील जमातीत असावी लागतात. बियाफ्राच्या युद्धातून, म्हणजे इग्बोबहुल आग्नेय भागाने फुटून निघण्याच्या प्रयत्नातून पेटलेल्या यादवीतून, गेलेल्या देशाला एकाच गटाची मक्तेदारी नको वाटावी, हे समजण्यासारखे आहे.

मात्र मूळचा कोण, याचा दाखला स्थानिक शासन देते, आणि खरी मेख तिथेच आहे. प्लॅटो राज्यातील जोस शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, पण मूळच्या उत्तरेकडील मानल्या जाणाऱ्या हौसा जमातीच्या अनेक कुटुंबांना हा दाखला नाकारला गेला आहे, आणि त्यावाचून राज्य सरकारची नोकरी किंवा शिष्यवृत्ती मिळणे अवघड होते. सप्टेंबर 2001 मध्ये तेथे भीषण दंगल उसळली, त्याआधीचा वाद एका हौसा व्यक्तीला दारिद्र्यनिर्मूलन योजनेच्या स्थानिक समन्वयकपदी नेमण्यावरून पेटला होता. पद तसे किरकोळच म्हणायचे.